सुकऱ्या पागीची ओळख पटेना

डोंगरवाट शिक्षण मंडळाची मासिक सभा जव्हारच्या मुख्य कचेरीत भरायची आणि चिटणीस हेमंतसर तिची सुरुवात हजेरीने करायचे. ते निवृत्त हेडमास्तर. हजेरी घेतल्याशिवाय त्यांच्या तोंडून पुढचं वाक्यच निघत नसे. पूर्वी ते वहीतून नावं वाचत. दोन हजार पाचच्या जूनपासून मात्र संगणकातून छापून निघालेली यादी वाचू लागले. मंडळाने संगणकावर डिरेक्टरी बसवली होती ना! माणसाचं नाव, गाव, हुद्दा, आणि वसतिगृहातल्या प्रत्येक मुलामुलीचं नाव, पाडा, त्याला घरी न्यायला कोण येऊ शकतं, सगळं एका ठिकाणी. तेही शुद्ध मराठीत, कारण सरांचा तसा हट्ट होता.

ऑगस्टच्या सभेत सर वाचत चालले होते.

"कमलेश भोये, दाभोसा. लिपिक, मोखाडा कार्यालय."

"हजर."

"सुकऱ्या पागी, पोशेरा. गृहपाल, मुलांचे वसतिगृह."

"हाय जी."

"शायस्ता जुल्फिकार शेख, जव्हार. तात्पुरती महाराणी."

"हजर," शायस्ता म्हणाली, आणि मग तिच्या कानांनी ऐकलेलं डोक्यात पोचलं.

जव्हार हे राजेरजवाड्यांचं गाव, टेकडीवर राजवाडा उभा, त्यामुळे महाराणी हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागला नाही. आधी मोखाड्याची बाजू हसली, मग सगळी सभा. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, यादी पुन्हा वाचली. छापलेलं होतं ते होतंच. शायस्ताची नेमणूक तात्पुरती संगणकचालक म्हणून झाली होती. त्यातला तात्पुरती शब्द कुणीतरी जसाच्या तसा ठेवला होता आणि पुढच्याला बढती दिली होती.

"ही डिरेक्टरी तुमच्या ताब्यात असते ना?" सरांनी तिला विचारलं.

"हो सर."

"मग स्वतःला महाराणी तुम्हीच केलंत?"

शायस्ताची नजर टेबलाच्या त्या टोकाला गेली. तिथे कमलेश भोये अत्यंत गंभीर चेहऱ्याने चहात बिस्कीट बुडवत होता. एवढा गंभीर तो एरवी कधीच नसायचा.

सभा सुटल्यावर तिने त्याला व्हरांड्यात गाठलं. कमलेशने लगेच कबूल केलं. लपवण्यातला आनंद त्याला ठाऊक नव्हता.

"तुम्ही गेल्या महिन्यात मोखाड्याला आलात. आमच्या एका मशीनवर बसून डिरेक्टरीत शिरलात. मी शेजारच्या मशीनवर होतो. दोन्ही मशीन एकाच डबीला जोडलेली आहेत. तारेवरून काय जातंय ते दाखवणारा एक प्रोग्राम मला मिळाला होता. म्हटलं, चालतो का बघू."

"आणि?"

"तुमचा पासवर्ड गेला. चालत गेला, मॅडम. डोक्यावर पदरसुद्धा नव्हता."

शायस्ताला राग आला, पण तो कमलेशवर येण्याऐवजी निम्माअर्धा स्वतःवरच आला. तो म्हणत होता ते खरं होतं. डिरेक्टरीशी बोलण्यासाठी तिने जी लायब्ररी वापरली होती तिला माणसाची ओळख पटवायची एकच पद्धत येत होती. नाव सांगा, पासवर्ड सांगा. आणि हे दोन्ही तारेवरून उघडंवाघडं जात होतं. आज महाराणी झाली ती थट्टा. उद्या कुणी पोराच्या नावापुढे त्याला घरी न्यायला येणाऱ्याचं नाव बदललं तर ती थट्टा राहिली नसती.

"पुन्हा करून दाखवाल तर खरे," ती म्हणाली.

"पासवर्ड बदलला तरी दाखवीन."

"पासवर्ड नाही बदलणार. पद्धतच बदलणार."

ही लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, एवढं शायस्ताने घरी किमान दहादा सांगितलं होतं. तिचे अब्बा जुल्फिकारभाई जव्हारच्या बाजारपेठेत शिंपीकाम करायचे, आणि मुलगी काय करते असं कुणी विचारलं की अभिमानाने सांगायचे, "लायब्ररीचं काम करते." त्यामुळे महिन्यातून एखादी बाई तरी शायस्ताला वाटेत थांबवून दिवाळी अंक आले का म्हणून विचारायची.

"अब्बा, लायब्ररी म्हणजे तयार करून ठेवलेले प्रोग्रामचे तुकडे. ज्याला लागेल त्याने उचलावेत आणि आपल्या कामात जोडावेत. जगभरची माणसं मिळून लिहितात. आतलं सगळं कुणालाही उघडून बघता येतं, दुरुस्त करता येतं."

जुल्फिकारभाईंनी सुई थांबवली. "म्हणजे कोट उलटा करून दाखवायचा. अस्तर, शिवण, टाके, सगळं."

"अगदी तसंच."

"मग त्या माणसांच्या हाताला सफाई असणार. आतून दिसणार म्हटल्यावर टाका वाकडा घालायची हिंमत होत नाही."

ही लायब्ररी फिनलंडच्या यान्ने नावाच्या माणसाने सुरू केली होती. शायस्ताने त्याला कधी पाहिलं नव्हतं. एकदा तिने एका बारीक चुकीबद्दल त्याला कळवलं होतं. उत्तर आलं होतं दोन शब्दांचं, 'बरोबर. आभार.' आता तिने लांबलचक पत्र लिहिलं. लायब्ररीत ओळख पटवण्याच्या आणखी दोन पद्धती घालायच्या आहेत. एक बिननावाची, म्हणजे ज्याला नुसता फोन नंबर बघायचाय त्याने नाव न सांगता बघावा, बदलता मात्र काही येऊ नये. आणि दुसरी, जिच्यात पासवर्ड तारेवर पाऊलच ठेवणार नाही.

यान्नेचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. 'तीन वर्षांपासून हे कुणीतरी करावं अशी वाट पाहतो आहे. तुम्हीच करा.'

बिननावाची पद्धत एका दुपारीच झाली. दुसऱ्या पद्धतीने सप्टेंबरचा अख्खा महिना खाल्ला. तशी ती सांगायला सोपी होती. तुम्ही डिरेक्टरीचं दार वाजवता. ती तुम्हाला एक आकडा देते, दर वेळी नवा. तुम्ही आपलं नाव, आपला पासवर्ड आणि तो आकडा एकत्र कालवायचा, घुसळायचा, आणि त्यातून निघालेली लांबलचक रक्कम परत पाठवायची. डिरेक्टरीही आपल्याजवळच्या नावापासवर्डाने तेच कालवण करते. दोन्ही रकमा जुळल्या की दार उघडतं. तारेवर बसलेल्या कमलेशच्या हाती लागते ती नुसती रक्कम. ती उलटी उकलून पासवर्ड काढता येत नाही आणि पुढच्या खेपेला तीच पाठवून भागत नाही.

लिहून झालं तशी तिने ते यान्नेला धाडलं. परत आल्या अकरा सूचना. त्यातल्या सात ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडावी याबद्दल होत्या.

"महिनाभर डोळे फोडले आणि हा जागा मोजतोय!" ती घरी येऊन चिडचिडली.

जुल्फिकारभाईंनी दातातला दोरा तोडला. "गिऱ्हाईक काजाबटणाला नावं ठेवायला लागलं ना बेटी, की समजायचं, कोट अंगाला बसला."

शायस्ताने सातच्या सात जागा नीट केल्या. उरलेल्या चार सूचना चांगल्या होत्या, हे तिला नाइलाजाने मान्य करावं लागलं. यान्नेने शेवटी लिहिलं, 'आधी तुमच्या इथे खऱ्या माणसांवर चालवून बघा. मग घेतो.'

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिने नवी पद्धत मंडळाच्या सगळ्या वसतिगृहांत चालू केली. रमजान नुकताच लागला होता. रोजा धरून, जीपमध्ये दाटीवाटीने बसून, ती गावोगाव फिरली. मोखाड्याला कमलेशने तिच्यासमोरच तारेवर पहारा लावला. ती डिरेक्टरीत शिरली. त्याच्या पडद्यावर नुसता आकड्यांचा भुगा पडला.

कमलेशने तो बराच वेळ न्याहाळला. "यात महाराणी कुठे दिसत नाही."

"ती पदर घेऊन गेली," शायस्ता म्हणाली. ऑगस्टपासून जपून ठेवलेलं उत्तर होतं ते.

दोन दिवसांनी पोशेऱ्याहून फोन आला.

"शायस्ताबाय, मी सुकऱ्या. हा कंप्युटर माना वळखत नाय."

सुकऱ्या पागी पन्नाशीला आलेला माणूस. पोशेऱ्याच्या वसतिगृहात वीस वर्षं गृहपाल. एकशे बारा पोरांपैकी कुणाचा बाप वीटभट्टीवर गेलाय, कुणाची मावशी कुठल्या पाड्यावर दिलीय, कुणाला न्यायला मामा आला तर सोडायचं आणि काका आला तर नाही, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. डिरेक्टरीत पोशेऱ्याची जी माहिती होती ती शायस्ताने त्याच्याच तोंडून उतरून घेतली होती. आता दिवाळीच्या सुट्टीत पोरं घरी जायची होती आणि प्रत्येकाला कोण नेणार हे त्याने त्यात भरायचं होतं.

"काका, नाव नीट टाकलंत?"

"माझा नाव माना येत नाय काय?"

"तसं नाही हो. पासवर्ड?"

त्याने फोनवर मोठ्याने पासवर्ड सांगितला. शायस्ताने डोळे मिटले. तारेवरून काही जाऊ नये म्हणून महिनाभर खपलेल्या बाईला तो टेलिफोनच्या तारेवरून ऐकावा लागला, आणि मागे पोरांच्या हसण्याचा आवाज आला म्हणजे वसतिगृहालाही ऐकू गेला होता. तिने हळू आवाजात नवा पासवर्ड दिला, मोठ्याने न बोलता लिहून घ्यायला सांगितला. तरीही दार उघडेना.

"आधीच्या वेळेला उघडायचं ना?"

"उघडायचा की. आता तू कायतरी केला आन् मी परका झालो."

बाकी सोळा माणसं बिनतक्रार आत जात होती. अडला तो फक्त सुकऱ्या. शायस्ताने आपलं लिखाण पुन्हा पुन्हा तपासलं. कुठे चूक दिसेना. आणि लिखाणात चूक नाही म्हटल्यावर तिच्या डोक्यात एकच नाव आलं. पोशेऱ्याचा संगणक बसवायला मोखाड्याहून कोण गेलं होतं? कमलेश. खोड्या कोण करतं? कमलेश.

तिने फोन लावला. 'नमस्कार' न म्हणताच सुरुवात केली. "म्हाताऱ्या माणसाला कशाला छळताय? माझी थट्टा केलीत, ठीक. त्यांचं काय?"

"काय झालं?" कमलेशला खरोखरच काही कळलं नाही.

"पोशेऱ्याच्या मशीनमध्ये काय करून ठेवलंय तेवढं सांगा."

या वेळी कमलेशच्या आवाजात नेहमीचं हसू नव्हतं. "मॅडम, मी खोडी केली की सांगतो. न सांगता केलेल्या खोडीत मजा काय? आणि सुकऱ्यामामांच्या वसतिगृहात मी सहा वर्षं राहिलोय. ताप आला तेव्हा पाठीवर घालून त्यांनी मोखाड्याच्या दवाखान्यात आणलं होतं मला." त्याने फोन ठेवला.

शायस्ताला हे ठाऊक नव्हतं. डिरेक्टरीत तसा रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकऱ्या स्वतःच जव्हारच्या कचेरीत हजर झाला. धुतलेला सदरा, डोक्याला तेल, हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्याने पिशवीतून एकेक कागद काढून शायस्ताच्या टेबलावर मांडला. निवडणुकीचं ओळखपत्र. शिधापत्रिका. सातवी पास झाल्याचा दाखला, घडीवर फाटलेला. आणि सगळ्यात शेवटी सरपंचांचं पत्र, सही-शिक्क्यासकट: 'दाखला देण्यात येतो की, सदर इसम सुकऱ्या पागी हे सुकऱ्या पागीच असून मी त्यांना लहानपणापासून ओळखतो.'

"हे त्याला दाखव," सुकऱ्या संगणकाकडे बोट करून म्हणाला.

हसावं की रडावं तिला कळेना. तिने खुर्ची सरकवली. "काका, इथेच बसा. माझ्या मशीनवर नाव टाका बघू."

सुकऱ्याने एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, नाव टाकलं. ऱ्या शोधायला त्याला मिनिटभर लागलं. पासवर्ड टाकला. कळ दाबली.

दार उघडलं. पोशेऱ्याची एकशे बारा पोरं पडद्यावर ओळीने उभी राहिली.

सुकऱ्याने पडद्याकडे पाहिलं, मग शायस्ताकडे. "जव्हार माना वळखतो. माझाच गाव वळखत नाय."

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. आणि म्हणूनच ते शायस्ताला जास्त लागलं. सरपंचाचं पत्र तिने नीट घडी करून त्याच्या पिशवीत ठेवलं. माणूस तोच, नाव तेच, पासवर्ड तोच. मशीन फक्त वेगळं. याचा अर्थ भानगड तिच्या डोळ्यांना दिसत नव्हती अशा जागी होती, आणि त्या जागी कमलेश नव्हता.

मोखाड्याचा फोन लावताना तिने दोनदा नंबर चुकवला.

"मी चुकले," ती म्हणाली. "खात्री न करता बोलले. माफ करा."

"लेखी द्या," कमलेश म्हणाला. त्याचं हसू परत आलं होतं. "महाराणींच्या सही-शिक्क्याने."

"उद्या पोशेऱ्याला याल का? ते मशीन तुम्ही बसवलंय, तुम्हाला त्याच्या खाणाखुणा माहीत आहेत."

"येतो. मामांना सांगा, मी येतोय म्हणून. रखमीमामी भाकर टाकेल."

दुसऱ्या दिवशी दोघं पोशेऱ्याच्या वसतिगृहात संगणकासमोर बसले. वसतिगृहाच्या मागे उतारावर नागली पिकून तांबूस झाली होती. सुकऱ्या त्यांच्या मागे उभा, आणि त्याच्या मागे खिडकीला लटकलेली दहाबारा पोरं. सुकऱ्याने नाव टाकलं. दार बंदच. कमलेशने तेच नाव टाकलं. बंद. शायस्ताने टाकलं. बंद.

"पडद्यावर तर बरोबर दिसतंय," कमलेश म्हणाला. "सुकऱ्या. कानामात्रा सगळं जागच्या जागी."

शायस्ताच्या मनात काहीतरी हललं. दिसतंय बरोबर. पण संगणक थोडाच बघतो? तो मोजतो. तिने एक दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला. नाव द्यायचं, ते आत कुठल्या कुठल्या आकड्यांनी साठवलंय ते त्याने सांगायचं. तिने सुकऱ्या टाकलं आणि आकडे मोजले.

"आठ."

मग तिने जव्हारच्या डिरेक्टरीतून तेच नाव मागवून मोजलं.

"सात!"

"एक जास्तीचा कुठून आला?" कमलेश खुर्चीच्या काठावर सरकला.

दोघांनी आकडे एकाखाली एक मांडले. स जुळला, उकार जुळला, क जुळला. आणि मग ऱ्यापाशी वाट फुटली. जव्हारच्या मशीनवर ऱ्यामधला तो वेगळा ऱ हे एकच अक्षर होतं, त्याचा स्वतःचा एक आकडा. पोशेऱ्याच्या मशीनवर मराठी टाइप करायला दुसराच प्रोग्राम होता, आणि तो साधा र घेऊन त्याच्याखाली एक टिंब जोडायचा. आकडे दोन. पडद्यावर दोन्ही एकसारखेच दिसणार. वाचणाऱ्याला सात काय आणि आठ काय, सुकऱ्या तो सुकऱ्याच.

"जुन्या पद्धतीत डिरेक्टरी स्वतःच नाव शोधायची, आणि ती शहाणी आहे, तिला ठाऊक आहे की हे दोन्ही एकच," शायस्ता जवळजवळ ओरडलीच. "माझ्या पद्धतीत नाव आधी कालवलं जातं. पीठ झाल्यावर दाणा कसा ओळखणार? आणि बाकी सोळा जणांत कुणाच्याच नावात ऱ्या नाही!"

"हा प्रोग्राम मीच टाकला होता," कमलेश हळूच म्हणाला. "इथल्या कळपट्टीवर दुसरा चालेना म्हणून."

शायस्ताने त्याच्याकडे वळून पाहिलं.

"खोडी नव्हती!" तो घाईने म्हणाला.

"म्हणजे माझा माफीनामा अर्धा परत घेऊ?"

सुकऱ्या मागून पुढे वाकला. "माझ्या नावात टिंब हाय?" त्याने विचारलं.

"इथे आहे काका. जव्हारला नाही."

"मंग ते काढ नाय तं दोन्हीकडं लाव. माना काय."

उपाय नेमका तोच होता. कालवण्याआधी नाव एका ठरीव रूपात आणायचं. दोन तुकड्यांचा ऱ आला तर त्याचा आधी एक करायचा, दोन्ही टोकांना तसाच. चार ओळी लागल्या. लिहून झाल्यावर शायस्ता उठली आणि सुकऱ्याला खुर्चीत बसवलं. त्याने नाव टाकलं, पासवर्ड टाकला. या खेपेला तो तोंडाने पुटपुटला तेव्हा खिडकीतली दोनतीन पोरंही त्याच्याबरोबर पुटपुटली, पण शायस्ताने तिकडे कानाडोळा केला. तो धडा पुढच्या फेरीला.

दार उघडलं. पोरांनी आरोळी ठोकली. सुकऱ्याने मागे वळून त्यांना दटावलं, पण स्वतः तोंडावर हात ठेवून हसत होता. मग लगेच कामाला लागला. "पयला पोश्या. याचा बाप येनार नाय, आजी येल. लिव, कमलेश."

निघताना रखमीने कमलेशला जेवायला वाढलं, नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी. शायस्ताचा रोजा आहे हे तिला सुकऱ्याने सांगितलं होतं. तिने दोन भाकरी आणि चटणीची पुडी फडक्यात बांधून शायस्ताच्या हातात दिली. "सुरव्या बुडाला का खा. वाटेत जीप थांबली तं पानी माग कोनाच्या घरी, नाय म्हननार नाय कोन." जव्हारच्या अलीकडे जीप एका चढावर तापून थांबली तेव्हा मावळतच होतं. शायस्ताने रस्त्याकडेच्या घरातून पाणी मागून घेतलं, त्यावर रोजा सोडला आणि भाकरीचं फडकं उघडलं. एक भाकर दाभोशाला घरी निघालेल्या कमलेशने मागितली. नुकताच जेवलाय म्हणून तिने अर्धीच दिली.

चार ओळींची दुरुस्ती यान्नेकडे गेली. त्याचं उत्तर या वेळी लांब होतं. अशी अडचण असू शकते हे त्याला पुस्तकातून माहीत होतं, पण खऱ्या माणसाला आलेली त्याने प्रथमच पाहिली. आता लायब्ररीत कायमची चाचणी हवी, म्हणजे पुढे कुणी हे मोडलं तर लगेच कळेल. चाचणीसाठी नाव कुठलं घ्यायचं? शायस्ताने लिहिलं, ज्याचं नाव आहे त्याला विचारून सांगते.

तिने पोशेऱ्याला फोन लावला आणि समजावून सांगितलं. तुमचं नाव त्या लायब्ररीत कायमचं राहील. जगात कुणीही ती वापरायला घेतली की आधी तुमचं नाव टाकून बघितलं जाईल, सात आकड्यांचं आणि आठ आकड्यांचं. दोन्हींना दार उघडलं तरच पुढचं काम.

सुकऱ्याने बराच विचार केला. "रोज?"

"रोज. कितीतरी देशांत."

"माना तिकडं जावा लागनार नाय ना?"

"नाही काका."

"मंग टाक. पन पासवर्ड माझा नको टाकू." शायस्ताला गहिवरून आलं. अखेर एवढं तरी त्याच्या मनावर ठसलं होतं.

दिवाळी झाली, तीनच दिवसांनी ईद झाली. नोव्हेंबरमध्ये लायब्ररीची नवी आवृत्ती निघाली. ओळख पटवण्याच्या दोन नव्या पद्धती, लेखिका शायस्ता शेख, जव्हार. तिने ते पान छापून घरी नेलं. जुल्फिकारभाईंनी ते उलटं करून मागची बाजू पाहिली. कोरी होती. "आतली शिवण कुठे?" त्यांनी विचारलं. तिने त्यांना कचेरीत नेऊन पडद्यावर सगळं लिखाण दाखवलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण ओळी किती सरळ लागल्यात आणि सुरुवातीला जागा कशी सारखी सुटलीय हे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मधेच एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं. इंग्रजीच्या त्या रानात मराठी अक्षरं होती.

"सुकऱ्या," त्यांनी वाचलं. "हा कोण?"

"गृहपाल आहेत, पोशेऱ्याला."

"त्याला म्हणावं, ये एकदा दुकानात. सदऱ्याचं माप घेतो."

जानेवारीत शायस्ताला एक अनोळखी पत्र आलं. व्हिएतनाममधल्या एका कॉलेजच्या ग्रंथपालबाई होत्या, खऱ्या पुस्तकांच्या ग्रंथालयातल्या. त्यांच्या नावातल्या एका अक्षराच्या डोक्यावर दोन खुणा होत्या. त्यांच्या कॉलेजची डिरेक्टरी जव्हारच्या डिरेक्टरीइतकी शहाणी नव्हती; वर्षभर घरच्या मशीनवरून त्यांना आपल्याच कॉलेजात शिरता येत नव्हतं, सगळे त्यांनाच म्हणायचे की तुम्ही पासवर्ड विसरता. नवी आवृत्ती बसवली आणि दार उघडलं. चाचणीत कुठल्या तरी लिपीतलं एक नाव दिसलं, त्याचा उच्चार काय आणि हे कुणी मोठे शास्त्रज्ञ आहेत का, असं त्यांनी विचारलं होतं.

शायस्ताने ते पत्र मासिक सभेत सगळ्यांसमोर मराठी करून वाचलं. हेमंतसरांनी इतिवृत्तात नोंद करायला सांगितलं. कमलेश म्हणाला की यापुढे यादीत मामांचा हुद्दा शास्त्रज्ञ असा छापावा, आणि पद्धत कितीही पक्की झाली असली तरी तो ते कसंही करून जमवील. सुकऱ्या मात्र त्या बाईचाच विचार करत होता.

"वरीसभर तिला आत घेतला नाय?" त्याने विचारलं.

"नाही."

"आन् तिच्याजवळ सरपंचाचा कागद पन नसंल." त्याने मान हलवली. "तिला लिव बाय. सुकऱ्या म्हन. ऱ्या जरा लांबव म्हनावा, येल हळूहळू."

शायस्ताने त्याच दुपारी तसं लिहून पाठवलं.